यादीत दोनदा आलेली धुरपताबाई

पहिलं हे सांगते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी मला उतारे सुचवायला नको. मी असलं काही मानत नाही. आमच्या घरात कुणीच मानत नाही. पप्पा शाळेत विज्ञान शिकवायचे. गल्लीत कुणा बाईच्या अंगात आलं की आम्हा दोघी बहिणींना हाताला धरून तिथं न्यायचे आणि सगळ्यांदेखत तिला विचारायचे, "ताई, सकाळपासून जेवलात का?" बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असायचं. आमच्याकडे रोज सकाळी बुद्धवंदना होते, अंगारे-धुपारे होत नाहीत.

त्यामुळे इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आले. माझ्या अनुभवात पिंपळ नाही, पैंजणांचा आवाज नाही, पांढरी साडी तर नाहीच. जे घडलं ते भर दुपारी, पंख्याखाली, कॉम्प्युटरवर घडलं. आणि खरं सांगू? मला भीती वाटलीच नाही. राग आला. अजून येतो. रागातच लिहून राहिले.

मी हिंगोलीत राहते. एका संस्थेत डेटाबेसचं काम बघते. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण नोकरी अजून तिथंच आहे. संस्था गावोगावी डोळ्यांची तपासणी करते, आणि ज्यांना मोतीबिंदू आहे त्यांना गाडीनं दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करून परत सोडते. काम चांगलं आहे, त्यात वाद नाही. ऑफिस सेनगावकडं जाणाऱ्या रोडला, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. जिन्यात कायम ग्रीसचा वास.

आता थोडं कामाचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एकाच पेशंटचं नाव आमच्याकडे तीन-तीन वेळा येतं. घरोघरच्या पाहणीत एकदा, तपासणीत एकदा, नंतर फोनवर एकदा. ड्रायव्हरला मात्र गावाची एकच ओळ लागते. आधी गावाचं नाव, पुढं माणसांची नावं, मध्ये स्वल्पविराम, आणि प्रत्येक नाव एकदाच. त्यासाठी मी एक क्वेरी लिहिलेली. क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. माझा प्रश्न साधा होता — प्रत्येक गावातली नावं अक्षरांच्या क्रमानं एका ओळीत जोडून दे, आणि तेच नाव पुन्हा आलं तर गाळ. हे गाळायचं काम 'डिस्टिंक्ट' हा एक शब्द करतो. तो लिहिला की एका ओळीत तेच नाव दोनदा येऊ शकत नाही. 'सहसा येत नाही' असं म्हणत नाहीये मी. येऊच शकत नाही.

ते आलं.

पुसेगावच्या पुढे एक तांडा आहे. खरं नाव देत नाही, माळावरचा तांडा म्हणू. गेल्या हिवाळ्यात त्या तांड्याच्या ऑपरेशनची यादी काढली, तर ओळ अशी — अनुसयाबाई, कमळाबाई, धुरपताबाई रामू राठोड, मग आणखी चार नावं, हिरालाल, आणि हिरालालनंतर अगदी शेवटी पुन्हा एकदा… धुरपताबाई रामू राठोड.

मला आधी माझाच राग आला. म्हटलं, कुठंतरी एक जादा स्पेस पडली असेल. माणसाला दिसत नाही, पण मशीनला ते वेगळं नाव वाटतं. हे रोजचं आहे. मी टेबल उघडून बघितलं. त्या नावाच्या तीन नोंदी, तिन्ही एकाच पेशंट नंबरच्या. जादा स्पेस नाही. न दिसणारं अक्षर नाही. एकेक अक्षराचा कोड काढून शेजारी शेजारी ठेवला. तंतोतंत तोच. मग डेटाबेसला सरळ विचारलं, या तांड्यात हे नाव किती वेगवेगळ्या रूपांत आहे? उत्तर आलं, एक. परत ओळ जोडायला सांगितली. दोन.

बरं, वेगळं असतं तरी 'ध' मध्येच यायला हवं होतं ना? पहिल्या धुरपताबाईच्या शेजारी. 'ह' च्या मागं काय काम तिचं?

बाकी शंभरावर गावांच्या ओळी बिनचूक. फक्त हीच.

मी आमच्या सरांकडे गेले. सर म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण त्यांना कुठलीही गोष्ट समजून घेण्याआधी मिटवायची असते.

"दोनदा आलंय ना? मग एक काढून टाका हातानं," ते म्हणाले.

"सर, पण ते यायलाच नको. का आलं ते बघावं लागेल."

"वैशाली मॅडम, गाडी उद्या सकाळी सात वाजता निघणार आहे. तुमचं 'का' गाडीत बसणार आहे का?"

आणि माझ्यासमोर त्यांनी फाइल उघडली, शेवटचं नाव पुसलं, प्रिंट काढली. शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात एकच विनोद — मॅडमच्या कॉम्प्युटरला बाहेरची बाधा झाली. कुणीतरी माझ्या माउसवर हळदीकुंकवाचं बोटही ओढून ठेवलं. मी ते सगळ्यांसमोर पुसलं आणि जे काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

गाडी गेली. धुरपताबाईंचं ऑपरेशन झालं, त्या घरी परतल्या.

महिन्याभरानं त्याच लोकांची फेरतपासणी होती. तीच क्वेरी, नवी यादी. धुरपताबाई पुन्हा दोनदा. एकदा आपल्या जागी, एकदा सगळ्यांच्या मागं. गाडीसाठी मात्र सरांनी मागची सुधारलेली यादीच परत छापली.

मी क्वेरी पुसून पहिल्यापासून नवी लिहिली. तरी नाव दोनदा. दुसऱ्या मशीनवर चालवली. दोनदा. पुण्याला माझी कॉलेजची मैत्रीण सीमा आहे, मोठ्या कंपनीत हेच काम करते. पेशंटची माहिती बाहेर पाठवायची नसते म्हणून तिला फोनवर घेऊन नुसती स्क्रीन दाखवली. तिनं मला शंभर गोष्टी करायला लावल्या. दीड तासानं म्हणाली, "वैशू, काहीतरी बग असेल बघ."

"कुठला बग?"

"माहीत नाही. पण असेल."

यात आणि 'झपाटलंय' यात फरक काय, हे मला कुणी सांगेल का? दोघंही न बघताच नाव देऊन मोकळे.

त्या दिवशी मी ठरवलं की तांड्यावर जायचं. मला तिथं काही सापडेल असं वाटलं नव्हतं. फक्त त्या ऑफिसातून बाहेर पडायचं होतं. फेरतपासणीच्या गाडीत मी ड्रायव्हरशेजारी बसले. ड्रायव्हर म्हणजे शेखचाचा. वीस वर्षं या रस्त्यांवर गाडी चालवतायत, प्रत्येक गावातला हातपंप त्यांना माहीत. यादी हातात घेऊन ते म्हणाले, "मॅडम, आज आप कैसे? तकलीफ काय झाली?"

मी सांगितलं. ते हसले नाहीत, एवढंच.

पुसेगाव सोडलं, उजव्या हाताला कच्चा रस्ता लागला. दोन्हीकडे हरभरा. तांड्याच्या तोंडाशी मारुतीच्या पारावर पेशंट बसलेले. तिथली आशा कार्यकर्ती संगीताताईही होती, तांड्यातलीच सून. फोनवर अनेकदा बोललेलो, समोर पहिल्यांदाच बघत होते. मी तिला बाजूला घेतलं आणि विचारलं, "ताई, धुरपताबाई रामू राठोड कोण?"

ती म्हणाली, "कोनती?"

"कोणती म्हणजे?"

"दोन हायेत की, म्याडम. एक ही, पारावर बसली ती. तुमीच नेली व्हती. दुसरी तिकडं, वरच्या अंगाला. दोघींचे मालक रामूच. आमी हिला खालची धुरपता म्हंतो, तिला वरची."

"मग दुसरीची नोंद का नाही केली?"

हे विचारताना माझा आवाज चढला होता. तिला रागवायचा मला काय अधिकार होता, देव जाणे — आणि देवही मी मानत नाही. संगीताताईनं माझ्याकडे असं बघितलं की मी ते विसरणार नाही.

"काहून बोलून राहिल्या तुमी असं? मी केली न्हाई व्हय? मागच्या साली केली. कारड आलं व्हतं तिचं. मंग एकदम गायबच झालं. परत भरायला गेले की मोबाइल म्हंतो, हे नाव आधीच नोंदवलेलं हाय. हापिसात फोन केला मी. एकदा न्हाई, चारदा. तुमचे सर म्हनले, शिस्टिममधी एकच दिसून राहिली. एक बार तं तुमीच उचलला व्हता फोन. तुमी म्हनल्या, ताई, ती डुप्लिकेट हाय."

मला तो फोन आठवत नाही. आजही आठवत नाही. दिवसाला असे वीस फोन येतात. पण 'ताई, ती डुप्लिकेट आहे' हे वाक्य माझंच आहे, यात मला शंका नाही.

आणि दुसरी गोष्ट मला तिथं उभ्या उभ्या आठवली. मागच्या वर्षी आम्ही डेटा साफ केला होता. मीच केला होता. पेशंट नंबर वेगळे, पण नाव तेच, गाव तेच, वय तेच आणि फोन नंबर तोच असला की त्यातली एक नोंद कायमची काढायची, आणि तशी दुसरी नोंद मोबाइलनं पुढं घ्यायचीच नाही. आता बघा — नाव दोघींचं एक. गाव एक. वय दोघींचं पासष्ट, कारण आमच्या भागात जन्मतारीख माहीत नसलेलं प्रत्येक म्हातारं माणूस पासष्ट वर्षांचं असतं. आणि फोन दोघींकडेही नाही, म्हणून दोघींसमोर संगीताताईचाच नंबर. मी एका बाईला पुसलं होतं. सापडलेल्या डुप्लिकेट नोंदींचा आकडा मेलमध्ये अभिमानानं लिहिला होता, तेही आठवलं.

ज्यांना तांत्रिक शंका असेल त्यांच्यासाठी सांगते. नोंद लपवली नव्हती, पूर्ण काढली होती. त्यानंतर सगळा डेटाबेस नव्या मशीनवर नव्यानं बांधला. त्या बाईचं एक अक्षरही त्यात कुठं उरलेलं नव्हतं. मग तिचं नाव ओळीत कुठून येत होतं?

वरच्या धुरपताबाई घरासमोर बाजेवर बसल्या होत्या. अंगावर जुना फेट्या, म्हणजे बंजारा घागरा, हातात वरपर्यंत बलये, त्या पांढऱ्या बांगड्या. दोन्ही डोळे दुधासारखे. पायांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, पण जरा चुकीच्या बाजूला.

संगीताताई म्हणाली, "याडी, दवाखान्याची म्याडम आली." याडी म्हणजे आई.

"गाडी गेली का?" त्यांनी पहिला प्रश्न हा विचारला.

"दरवेळी गाडी आली की येती," संगीताताई मला हळूच म्हणाली. "नातीचा हात धरून. आज नात साळंत हाय. नावं वाचून होईस्तोवर सगळ्यांच्या मागं उभी राहती. मंग ही खालची धुरपता 'ओ' देती अन् गाडीत बसती. लोक हिला म्हंतात, तुजं नाव झालं की बाई, गेली की तू."

मी त्यांचा हात धरला, पारापर्यंत चालत आणलं, आणि शेखचाचांना म्हटलं, "चाचा, यांनाही घ्या."

"यादीत?" चाचांनी विचारलं.

"नाही."

"बराबर. मंग पुढं बसवा," ते म्हणाले. "पुढच्या शीटची यादी नसती."

सरांना फोन केला. ते म्हणाले, नियमाप्रमाणे यादीत नाव नसेल तर पेशंट आणता येत नाही, आधी नोंदणी, मग तपासणी, मग पुढच्या महिन्याची गाडी.

"सर, नाव यादीत होतं. तुम्ही स्वतः पुसलंत. त्याआधी मी पुसलं. ती बाई दोनदा पुसली आपण."

"मॅडम, भावनेच्या भरात—"

"भावना नाही ही. रागच आहे. तुम्ही तिला परत पाठवणार असाल तर ते मला लेखी द्या. खाली सही करा."

लेखी म्हटलं की आमच्याकडे सगळे गप्प होतात. ते म्हणाले, "आणा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. मग मला बाहेर बोलावून सांगितलं, डावा डोळा गेला. त्यात मोतीबिंदूच्या आड काचबिंदू होता, दाब वाढून मागची नस संपली. उजव्यात मोतीबिंदूच जास्त आहे, तो काढता येईल. पण त्यातही दाब वाढायला लागलाय. वेळेवर आलात.

"वर्षापूर्वी आणलं असतं तर डावा वाचला असता?"

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

सांगता येत नाही! मला त्या घटकेला कुणीतरी 'हो' म्हणायला हवं होतं. किंवा 'नाही'. या सगळ्या प्रकरणात एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर मला मिळालं नाही.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तेव्हा मी तिथं होते. धुरपताबाईंनी डोळा मिचकावला, पाणी आलं, नर्सनं पुसलं. मग त्या आधी स्वतःच्या बलयांकडे बघत बसल्या. एकेक फिरवून. मग माझ्याकडे बघितलं.

"तूच का ती म्याडम? मला वाटलं, म्हातारी असशील."

मी ठरवलं होतं की सांगायचं. "मावशी, तुमचं नाव यादीतून मी काढलं होतं. चुकून. मला वाटलं, तुम्ही दोघी एकच आहात."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"आमी दोघी एका तांड्यात चाळीस साल राहिलो," त्या म्हणाल्या. "तिचं लेकरू मी पाजलं, माजं तिनं. आमच्या म्हशीबी कदी चुकून एकमेकीच्या दारात गेल्या न्हाईत. अन् तुमाला कळंना?"

ऑफिसात आल्यावर मी त्यांची नवी नोंद केली. वेगळा पेशंट नंबर, नावापुढं 'वरचं अंग' अशी खूण वेगळ्या रकान्यात. मग तीच जुनी क्वेरी, एक अक्षरही न बदलता, पुन्हा चालवली.

माळावरच्या तांड्याची ओळ आली. धुरपताबाई रामू राठोड. एकदाच. आपल्या जागी, 'ध' मध्ये. 'ह' च्या मागं कुणी नाही.

नियमानं ते बरोबरच होतं. दोघींचं नाव एक, म्हणून डिस्टिंक्टनं एक गाळलं. म्हणजे बघा — टेबलात एकच धुरपताबाई होती तेव्हा मशीन दोन दाखवत होतं. दोन झाल्या, तेव्हा एक दाखवायला लागलं. मी खुर्चीवर मागं टेकून बसले.

मग क्वेरी बदलली. आता नावं नावावरून गाळली जात नाहीत, पेशंट नंबरावरून गाळली जातात. मागच्या वर्षी सफाईत काढलेल्या सगळ्या नोंदींचे कागदी फॉर्म कपाटातून काढून मी आणि संगीताताईसारख्या बाकीच्या आशाताई एकेक तपासतोय. आतापर्यंत आणखी सात माणसं निघालीत, जी 'डुप्लिकेट' नव्हती. त्यांची नावं कुठल्याच ओळीत दोनदा आली नव्हती. ती नुसतीच नव्हती. याचा राग मी कुणावर काढू?

सर आता सगळीकडे सांगतात की आमच्या सिस्टिमनं चूक पकडली. सिस्टिमनं नाही पकडली. संगीताताईनं पकडली होती, चार फोन करून. आम्ही ऐकलं नाही. एका आशाताईचा शब्द आम्हाला पुरला नाही, आणि कॉम्प्युटरच्या ओळीत एक नाव जास्त आलं तेव्हा मात्र मी गाडीत बसून धावले.

सीमाला सगळं सांगितलं. ती कामाची बाई, म्हणाली, "सोप्पं आहे. डेटाची कॉपी कर, त्यातून वरच्या धुरपताची नोंद काढ, जुनी क्वेरी चालव. दोनदा आलं तर परत शोधू. एकदाच आलं तर तेव्हा तुझंच काहीतरी चुकलं असेल." पप्पाही तेच म्हणाले. प्रयोग परत करून बघितल्याशिवाय गोष्ट खरी मानायची नाही, हे त्यांनीच शिकवलंय.

मी कॉपी केली. ती ओळ निवडली. बोट डिलीटच्या बटनावर ठेवलं. कॉपीच होती, कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तरी पाच मिनिटं तशीच बसले आणि शेवटी फाइल बंद केली.

तेव्हा खाली कुणी 'बग असेल' लिहिणार असाल तर खुशाल लिहा. असेलही. 'तिचा जीव अडकला होता' असं लिहिणार असाल तर तेही लिहा, पण धुरपताबाई जिवंत आहेत, काल म्हशीची धार काढत होत्या. माझ्याकडे याचं कारण नाही. आणि ते शोधायला त्या बाईला तिसऱ्यांदा पुसावं लागणार असेल, तर ते माझ्याच्यानं होणार नाही.